ग्रिलवरचं मांस आणि बाल्सामिक व्हिनेगर: आधी कमी, शेवटी जास्त

प्रश्न थोडक्यात असा: चिकनचे लेग पीस बाल्सामिक व्हिनेगर, मध, लसूण आणि ऑलिव्ह तेलात रात्रभर मुरवले. ग्रिलवर टाकल्यावर काही मिनिटांतच ते बाहेरून काळे पडले, हाडाजवळ कच्चेच राहिले, आणि जेवढं खाण्याजोगं होतं ते आंबट नि पिठूळ लागलं. पाककृती तर सगळीकडे अशीच सांगतात, मग बिघडलं कुठे?

बिघडलं वेळेत. बाल्सामिकचं खरं काम मांस शिजत आल्यावर सुरू होतं. त्याआधी ते लावायचंच असेल तर जेमतेम, आणि थोड्याच वेळासाठी. बहुतेक पाककृती उलट करायला सांगतात: वाटीभर व्हिनेगरमध्ये मांस रात्रभर बुडवा आणि थेट निखाऱ्यांवर ठेवा. वर मधही घाला. म्हणजे जी वस्तू लवकर करपते तिच्यात लवकर करपणारी आणखी एक वस्तू घालून ती सर्वात तापलेल्या जागी सगळ्यात जास्त वेळ ठेवायची. मग वेगळं काही व्हायचं कसं?

बाल्सामिकमध्ये साखर असते, आणि ती भरपूर असते. हे व्हिनेगर द्राक्षांच्या रसापासून, तो आटवून किंवा शिजवून, केलं जातं. रसातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बाटलीपर्यंत येतं. साध्या, पातळ बाटलीत १०० मिलिलिटरला १५–२० ग्रॅमच्या आसपास साखर निघते, दाट बाटलीत त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. फ्रुक्टोज साधारण ११० अंश सेल्सिअसला रंग धरू लागतं, ग्लुकोज १५०–१६० च्या आसपास. पेटत्या निखाऱ्यांवरची जाळी २५० ते ३०० अंशांवर सहज जाते. हाडासकट लेग पीस आतपर्यंत शिजायला अर्धा तास तरी लागतो. तेवढा वेळ साखर त्या जाळीवर टिकणं शक्य नाही. ती आधी कॅरॅमल होते, मग कडू होते, मग कोळसा होते, आणि आतलं मांस अजून कोमट असतं.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. मांसाला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून. ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते, त्याआधी पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो, आणि आम्लात ती मंदावते. व्हिनेगरने ओलं झालेलं मांस जाळीवर टाकलं की आधी पाण्याची वाफ होते, त्या वेळात मांस फिकटच राहतं. पाणी संपलं की उरलेली साखर एकदम पेट घेते. म्हणून ‘फिकट, फिकट, फिकट आणि मग एकदम काळं’ असा अनुभव येतो. मधली सोनेरी पायरी मिळतच नाही.

पिठूळपणाही आम्लामुळेच. मुरवण मांसात खोल जाते हा समज फार चिवट आहे. रात्रभर ठेवूनही व्हिनेगर आणि त्यातले बहुतेक स्वाद वरच्या काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. त्या थरातली प्रथिनं मात्र आम्लाने आवळतात, पाणी सोडतात आणि शेवटी भुसभुशीत होतात. म्हणजे आतल्या मांसाला काही मिळत नाही आणि वरचा थर बिघडतो. खोलवर जातं ते मीठ. ते जायला वेळ लागतो, पण ते जातं, आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदतही करतं.

म्हणून मीठ आणि व्हिनेगर वेगळं करा. या एका बदलाने अर्धी अडचण सुटते. एक किलो मांसाला १० ते १२ ग्रॅम मीठ, सगळीकडून सारखं चोळून, न झाकता फ्रिजमध्ये. लेग पीस किंवा जाड चॉप असतील तर आदल्या रात्री, पातळ तुकडे असतील तर तासभर आधी. न झाकता ठेवण्याचा फायदा असा की कातडी आणि पृष्ठभाग कोरडे होतात, आणि कोरड्या पृष्ठभागालाच रंग चढतो. कच्चं मांस असं ठेवताना ताटलीत, फ्रिजच्या सर्वात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे खाली काही ठिबकणार नाही.

तरीही मॅरिनेड हवंच असेल, आणि पातळ किंवा चरबी नसलेल्या तुकड्यांना ते खरंच चांगलं लागतं, तर किलोभर मांसाला दोन मोठे चमचे बाल्सामिक, तीन चमचे तेल, एक छोटा चमचा मस्टर्ड, थोडी ठेचलेली रोजमेरी किंवा थाइम आणि मिरपूड. मस्टर्डमुळे तेल आणि व्हिनेगर फुटत नाही, सारखं लागतं. मध घालू नका. लसूण बारीक चिरून लावलात तर ती जाळीवर करपून कडू होते, म्हणून पाकळ्या नुसत्या दाबून घाला आणि ग्रिलवर टाकण्याआधी काढून टाका. चिकन ब्रेस्टला अर्धा ते एक तास, लेग पीसला दोन तास, चॉपला तासभर, माशाला पंधरा मिनिटं, एवढं पुरे. भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आम्ल धातूशी खेळतं आणि चवीत कळतं.

जाळीवर ठेवण्याआधी मांस पुसा. हे सांगितलं की लोकांना वाटतं चव वाया गेली. मांसात जे जायचं ते गेलेलं असतं. वर राहिलेलं असतं ते फक्त जळण्यासाठी आणि तेलाचे थेंब निखाऱ्यावर पडून भडका उडण्यासाठी. कागदी रुमालाने टिपून घ्या, मग अगदी थोडं तेल मांसालाच लावा, जाळीला नको.

आता बाटलीबद्दल, कारण इथे पैसे उगाच जातात किंवा उगाच वाचवले जातात.

‘बाल्सामिक’ या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सर्वात वरची म्हणजे आचेतो बाल्सामिको त्रादित्सिओनाले. ती इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया या दोनच प्रांतांत होते आणि २००० सालापासून युरोपीय संघाचं डीओपी संरक्षण, म्हणजे ठरावीक भागात ठरावीक पद्धतीने केलेल्या मालालाच ते नाव लावू देणारा दर्जा, तिला आहे. तिच्यात शिजवलेला द्राक्षरस सोडून काहीच नसतं, वाइनपासूनचं व्हिनेगरसुद्धा नाही. तो रस लहान लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या ओळीतून वर्षानुवर्षं पुढे सरकवला जातो. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळी लाकडं वापरतात. किमान १२ वर्षं, आणि ‘एक्स्त्राव्हेक्यो’ म्हणायचं तर किमान २५. मोदेनाची बाटली ठरावीक आकाराची, १०० मिलिलिटरची असते. गाड्यांच्या डिझाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्जेत्तो जुजारो यांनी तिची रचना केली आहे. ही बाटली घरात असेल तर ती ग्रिलच्या जवळपासही नेऊ नका. तिचा सुगंध उष्णतेने उडून जातो. कापलेल्या मांसावर चार-पाच थेंब, बस.

दुसरी, रोजच्या वापरातली, आचेतो बाल्सामिको दी मोदेना. तिला आयजीपी, म्हणजे प्रदेशाशी नाव जोडलेला पण डीओपीहून सैल नियमांचा दर्जा, २००९ मध्ये मिळाला. तिच्यात द्राक्षरस किमान २० टक्के, वाइन व्हिनेगर किमान १० टक्के, आम्लता किमान ६ टक्के आणि रंग कायम राहावा म्हणून २ टक्क्यांपर्यंत कॅरॅमल चालतं. लाकडी भांड्यात किमान ६० दिवस ठेवावी लागते, आणि तीन वर्षांहून जास्त ठेवली तर ‘इन्वेक्यातो’ हा शब्द लावता येतो. या गटातल्या बाटल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण नियमात दोन टोकांच्या मधे मोकळी जागा भरपूर आहे. म्हणून घटकांची यादी वाचा. वाइन व्हिनेगर पहिलं लिहिलं असेल तर बाटली पातळ आणि जहाल आंबट. ती मॅरिनेडला आणि आटवायला घ्या. द्राक्षरस पहिला असेल तर गोडसर, दाट. ती शेवटी ओतायला. बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात १० किंवा १२ असा आकडा दिसला तर त्याला वय समजू नका. या दर्जाच्या बाटलीवर वर्षांच्या आकड्यात वयाचा दावा करता येत नाही.

तिसरी, ‘कोंदिमेंतो’ नावाची. यात काही अप्रतिम असतात, काही अगदी सुमार, आणि नावावरून काही कळत नाही. चौथी म्हणजे बाटली दाबून रेषा काढायची ‘क्रेमा’ किंवा ग्लेझ, म्हणजे दाट, चकचकीत लेप. तिच्यात बहुधा स्टार्च, ग्लुकोज सिरप किंवा गम घालून दाटपणा आणलेला असतो. ताटलीवर नक्षी काढायला ठीक. आगीवर ती लगेच चिकटते आणि जळते. पंधरा मिनिटं खर्च केली तर त्याहून चांगलं ग्लेझ घरी होतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात शिकण्यासारखी हीच एक गोष्ट आहे.

साधी आयजीपी बाटली घ्या. २५० मिलिलिटर एका जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात, मंद आचेवर. खिडकी उघडा आणि भांड्यावर वाकून वास घेऊ नका. आम्लाची वाफ नाकात आणि डोळ्यांत चांगलीच झोंबते. हवं तर दाबलेली लसणाची पाकळी आणि रोजमेरीची काडी घाला. खळखळून उकळू देऊ नका, कडेने बुडबुडे येत राहतील एवढीच आच. साधारण बारा ते पंधरा मिनिटांत ते एक तृतीयांशावर, म्हणजे ८०–९० मिलिलिटरवर येतं. घड्याळापेक्षा बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला ते बारीक आणि भराभर फुटणारे असतात, शेवटी मोठे, चकचकीत आणि सावकाश फुटणारे होतात. चमच्याच्या पाठीला पातळ थर बसला आणि बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकली की गॅस बंद. गरम असताना ते तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळच दिसायला हवं, कारण गार झाल्यावर बरंच दाट होतं. पातळ बाटलीत साखर कमी असते, तिला जरा जास्त आटवावं लागतं, दाट बाटलीला निम्म्यावर आणलं तरी पुरतं. वरून साखर घालायची गरज नाही. आटवण्यानेच आम्लाचा काही भाग उडतो आणि गोडी वर येते.

आता आग. एकच सपाट, सगळीकडे सारखी तापलेली जाळी असेल तर बाल्सामिक विसरा. निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. गॅसच्या ग्रिलवर एक बर्नर पूर्ण, दुसरा बंद. लेग पीस आधी रिकाम्या बाजूला, कातडी वर, झाकण लावून. आतलं तापमान ६५ अंशांच्या आसपास आलं की तापलेल्या बाजूला आणून कातडी खाली करा, दोन-तीन मिनिटं, खरपूस होईपर्यंत. मग परत थंड बाजूला, कातडी वर, आणि आता ब्रश काढा. आटवलेल्या व्हिनेगरचा अगदी पातळ हात, दोन मिनिटं झाकण, पुन्हा एक हात, पुन्हा दोन मिनिटं. थर चकाकायला लागतो आणि बोटाला किंचित चिकट लागतो, तेव्हा तो झाला. ब्रशचा थर जाड दिलात तर तो वाळण्याआधी खाली ओघळतो, आणि मग धूर त्याचाच.

थर्मामीटर घ्या. अंदाजाने शिजवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, पण गडद, चकचकीत लेपाखाली मांस शिजलं की नाही हे डोळ्यांना कळतच नाही. साधं चिकन रंगावरून थोडंफार ओळखता येतं, बाल्सामिक लावलेलं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे सोयीचे आहेत: कोणत्याही कोंबडीवर्गीय मांसाला ७४ अंश, बीफ, पोर्क किंवा लॅम्बच्या अखंड तुकड्यांना ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती, खिम्याला ७१. लेग पीस ७४ ला खाण्यायोग्य होतो, पण ८० च्या पुढे गेल्यावर त्याची नस सैल पडते आणि तो खरा चांगला लागतो. ब्रेस्टचं मात्र उलट, ७४ ओलांडून दोन-चार अंश गेले की सुकतं.

कच्चं मांस ज्यात मुरलं तो रस शेवटी ब्रशने लावू नका. वापरायचाच असेल तर आधी खळखळून उकळा. त्याहून सोपं म्हणजे मुळातच थोडं मॅरिनेड करा आणि उरलेलं टाकून द्या. ब्रशही दोन ठेवा.

लॅम्ब किंवा बोकडाचे चॉप हे बाल्सामिकसाठी सर्वात चांगलं मांस आहे, माझ्या जिभेप्रमाणे तरी. त्याच्या चरबीला जो उग्र वास असतो त्याला गोड-आंबट अगदी नेमकं कापतं. चॉप पातळ असतील तर कडक आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, लेप फक्त शेवटच्या मिनिटाला. पोर्क चॉपलाही हेच, फक्त कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चिरा द्या, नाहीतर तो वाटीसारखा वळतो आणि मधला भाग जाळीला लागतच नाही.

चांगल्या, जाड बीफ स्टेकला व्हिनेगर आधी लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मीठ, कोरडा पृष्ठभाग, कडक आच, विश्रांती, आणि मग कापून वरून थेंब. इटलीत ‘तालियाता’ नावाने स्टेक असाच कापून रॉकेटची (अरुगुलाची) पानं आणि पार्मेजान चीजच्या कापांबरोबर देतात, आणि अनेकदा त्यावर बाल्सामिकही असतं. फ्लँक किंवा स्कर्टसारख्या लांब धाग्यांच्या स्वस्त तुकड्यांना मात्र तासभराचं मॅरिनेड चालतं. ते धाग्याच्या आडवे, पातळ कापले तरच चावले जातात. त्यात व्हिनेगरपेक्षा सुरीचं काम मोठं आहे.

ब्रेस्ट जाडीला सारखं नसतं, एक टोक सुकतं तेव्हा दुसरं कच्चं असतं. हलक्या हाताने ठोकून सारखं करा, मग बाकी सगळं सोपं. खिम्यात किंवा बर्गरच्या मिश्रणात बाल्सामिक मिसळू नका. मांस भुसभुशीत होतं आणि तव्यावर पाणी सुटतं. त्याऐवजी कांदे मंद आचेवर परतून शेवटी एक चमचा घाला आणि ते वर ठेवा. सॉसेजला शेवटी एक हात पुरे.

बाहेर ग्रिल नाही, फक्त गॅसवरचा ग्रिल पॅन आहे, असं असेल तर एका अर्थी तुम्ही नशीबवान आहात. पॅनमध्ये लेप लावू नका, तो खाचांत चिकटून जळतो. मांस साधंच भाजून बाहेर काढा, जास्तीची चरबी ओता, आच कमी करा आणि तीन मोठे चमचे बाल्सामिक पॅनमध्ये घाला. तळाशी चिकटलेलं सगळं लाकडी चमच्याने सोडवा, निम्मं आटवा, गॅस बंद करून थंड लोण्याचा छोटा तुकडा घोळवा. हा सॉस निखाऱ्यावर कधीच मिळत नाही, कारण तिथे हा सगळा रस खाली पडून जातो. सपाट पॅन असेल तर आणखी सोपं. बिडाच्या पॅनमध्ये मिनिटभर व्हिनेगर चालतं, पण त्यातच आटवत बसलात तर पॅनवरचा तेलाचा थर निघतो. ओव्हनच्या ग्रिलखाली करत असाल तर वरची आच थेट असते, तेव्हा मांस एक कप्पा खाली ठेवा आणि लेप लावल्यावर दारापासून हलू नका.

मांस उतरवल्यावर ते कोरड्या ताटलीत ठेवायची सवय मोडा. पाटावर किंवा खोलगट ताटात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा चांगलं बाल्सामिक, मिरपूड आणि चिरलेली पार्सली किंवा तुळशीजातीची बेसिल पसरा, आणि गरम मांस त्यावर ठेवा. पाच मिनिटांच्या विश्रांतीत जो रस सुटतो तो त्यात मिसळतो. तिथेच कापा, कापलेल्या बाजू त्या रसात घोळवा. रात्रभर मुरवून जी चव आत जाईल अशी आशा असते, ती प्रत्यक्षात इथे मिळते, कारण आता कापलेली प्रत्येक बाजू उघडी आहे आणि व्हिनेगर जळलेलं नाही. कापून, रसात घोळवून झालं की एकदा चाखा आणि मगच वरून मीठ घाला. बाल्सामिकच्या गोडीमुळे मीठ कमी वाटतं.

आज फ्रिजमध्ये रात्रभर मुरलेले लेग पीस आधीच पडले असतील तर ते टाकू नका. पुसून घ्या, ओव्हनमध्ये १८० अंशांवर आतलं तापमान ७० च्या पुढे जाईपर्यंत शिजवा, मग फक्त वास आणि रंगासाठी दोन मिनिटं निखाऱ्यांवर आणा, आणि उतरवण्याआधी थर्मामीटर ७४ दाखवतोय ना ते पाहा. वरचा थर थोडा पिठूळ लागेल, त्याला इलाज नाही, पण कच्चे राहणार नाहीत.

आटवलेलं व्हिनेगर उरलं तर काचेच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, काही आठवडे सहज टिकतं. मूळ बाटलीला फ्रिज लागत नाही. घट्ट बूच लावून उन्हापासून आणि शेगडीपासून दूर कपाटात. फ्रिजमधलं ग्लेझ गोठल्यासारखं घट्ट झालं तर चमचाभर पाणी घालून कोमट करा. आच लावून पुन्हा आटवू नका, नाहीतर गार झाल्यावर ते ब्रशला नव्हे, दातांना चिकटेल.